अन्यायाची कादंबरी वाचताना आपण कुठं बसलेले असतो?

प्रश्न विचारणाऱ्या ताई इचलकरंजीत शाळेत शिकवतात. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : जातीचा, बाईपणाचा, गरिबीचा अन्याय उघडा पाडणाऱ्या कथा-कादंबऱ्या त्यांना मनापासून आवडतात. ‘फकिरा’ दोनदा वाचून झाली. पण जवळची मैत्रीण म्हणते, "दुसऱ्याचं दुःख चवीनं वाचतेस आणि पुस्तक मिटलं की शांत झोपतेस." घरातले म्हणतात, सदा ही रडकी पुस्तकं कशाला? ही आवड खोटी आहे का, अशा वाचनानं काही बदलतं का, आणि पुढं काय आणि कसं वाचावं, असं त्यांनी विचारलंय.

मी कोल्हापुरात एका सार्वजनिक ग्रंथालयात देवघेवीच्या खिडकीवर नोकरी केली. निवृत्तीनंतर पेठेतल्या बायकांचा एक वाचनकट्टा चालवते. त्यामुळं हे उत्तर समीक्षकाचं नाही. पुस्तक नेणारे आणि परत आणून देणारे चेहरे बघत आलेल्या बाईचं आहे.

मैत्रिणीचं बोलणं झोंबलं असेल, पण ते निम्मं खरं आहे. "रडवणारं काहीतरी द्या" असं सांगून पुस्तक मागणारे वाचक आमच्याकडं नेहमी यायचे. कुणाचं रडणं, याच्याशी त्यांना फारसं देणंघेणं नसायचं. विधवा चालायची, अनाथ पोर चालायचं, कर्जबाजारी शेतकरीही चालायचा. रडून झालं की माणसाला हलकं वाटतं, आणि हलकं वाटलं की आपण मनानं चांगले आहोत अशी खात्री पटते. मी त्याला नावं ठेवणार नाही. दिवसभर राबून आलेल्या माणसाची ती करमणूक आहे. पण तुम्ही ज्या आवडीबद्दल विचारताय ती ही नव्हे. फरक कुठं पडतो ते सांगण्यासाठी आपल्या गावातल्या सगळ्यांना ठाऊक असलेली एक गोष्ट घेते.

गंगाराम कांबळ्यांची. मराठा नोकरांसाठी राखलेल्या पाण्याला शिवले म्हणून त्यांना मारहाण झाली. शाहू महाराजांनी त्यांना हॉटेल काढायला मदत केली. भाऊसिंगजी रोडवरच्या त्या ‘सत्यसुधारक’ हॉटेलासमोर महाराज आपला खडखडा, म्हणजे घोडागाडी, थांबवायचे, चहा मागवायचे, स्वतः प्यायचे आणि बरोबरच्या मंडळींनाही प्यायला लावायचे. कोल्हापूरकर ही गोष्ट अभिमानानं सांगतो आणि सांगावीच. पण ती ऐकताना आपण मनातल्या मनात कोण होतो? कट्ट्यावर नव्या आलेल्या बाईला मी हे हटकून विचारते. कुणी महाराज होतात, कुणी गंगाराम होतात. खडखड्यात बसलेला मानकरी मात्र कुणीच होत नाही. कप हातात आलाय, महाराज बघताहेत, नाही म्हणायची सोय नाही, घरी कळलं तर काय होईल याची धास्ती, आणि चहा तर चांगला झालाय! त्या माणसाच्या मनात काय चाललं असेल ते इतिहास लिहून ठेवत नाही. ते सांगायचं काम कथेचं. आणि खरं बोलायचं तर आपल्यातले बरेचजण कशा ना कशात त्या गाडीतच बसलेले असतात. कुणी जन्मानं, कुणी पगारानं, कुणी नुसतं सवयीनं.

ज्या पुस्तकानं मला त्या जागेवर नेऊन बसवलं ते पुस्तक अन्यायाला हात घालतं, असं मी धरते. ज्यात मला फक्त महाराज होता येतं किंवा फक्त गंगाराम होता येतं, ते वाचून मी शांत झोपते. तुमच्या मैत्रिणीचा टोमणा त्या दुसऱ्या पुस्तकांना लागू आहे.

आता ‘फकिरा’. अण्णा भाऊ साठे १९२० साली वाटेगावला जन्मले. सांगली जिल्ह्यातल्या वाळवा तालुक्यातलं हे गाव, म्हणजे तसं शेजारचंच. कादंबरी १९५९ची. तिला प्रस्तावना लिहिली वि. स. खांडेकरांनी, आणि खांडेकर म्हणजे कोल्हापूरचं घरचं नाव. एकीकडं मध्यमवर्गाचं ध्येयवादी स्वप्न रंगवणारा लेखक आणि दुसरीकडं शाळेचं तोंडही धड न पाहिलेला शाहीर, हे दोघं एका पुस्तकाच्या पुठ्ठ्यात एकत्र आले, हे मला फार मोलाचं वाटतं. कादंबरीला पोवाड्याचा वेग आहे. दुष्काळात माणसं उपाशी मरताना धान्य लुटून वाटणारा फकिरा आपल्याला खेचून नेतो, आणि आपण पहिल्यापासून शेवटपर्यंत त्याच्याच घोड्यावर असतो. तिची ताकद त्यात आहे. मर्यादाही तीच म्हणायची, कारण तिथं वाचकाला गाडीत बसायची वेळ जवळजवळ येतच नाही.

म्हणून तिसऱ्यांदा वाचणार असाल तर लढाया सोडून हजेरीकडं बघा. १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं जमातीच्या जमाती जन्मजात गुन्हेगार ठरवल्या. काही केलं असो वा नसो, माणसानं जाऊन हजर आहे म्हणून सांगायचं. अण्णा भाऊ कायद्याचं कलम सांगत बसत नाहीत. मानी माणसाला रोज मान खाली घालून उभं राहावं लागलं तर त्याचं काय होतं, ते दाखवतात.

त्याच्या पाठोपाठ लगेच ‘बळी’ वाचा. १९५०ची कादंबरी, विभावरी शिरूरकरांची, म्हणजे मालतीबाई बेडेकरांची. १९३३ साली ‘कळ्यांचे निःश्वास’ याच टोपणनावानं आलं तेव्हा पुस्तकात काय आहे यापेक्षा ही बाई कोण यावरच महाराष्ट्रानं डोकं जास्त खाजवलं होतं. त्या नावाचा दबदबा असा, की ‘बळी’ मागणारा वाचक मला क्वचित दिसला. सगळे ‘कळ्यां’वर येऊन थांबायचे. मालतीबाईंनी सोलापूरला, गुन्हेगार ठरवलेल्या जमातींना ठेवायच्या वसाहतीत काम केलं होतं आणि तारेच्या कुंपणामागचं मांगगारुड्यांचं जगणं जवळून बघितलं होतं. कायदा तोच, १८७१च्या वळणाचा. पण इथं घोडा नाही, तलवार नाही, लूट नाही. कुंपणातल्या माणसांना ‘सुधारायला’ बसलेली व्यवस्था आहे, शिस्त आहे, चांगले हेतू आहेत. वाचताना आपण हळूहळू त्या चांगल्या हेतूंच्या बाजूला सरकतो आणि मग तिथं बसणं अवघड होत जातं. तुम्ही शिक्षिका आहात, तुम्हाला ते जास्तच टोचेल. पुढं दोन वर्षांनी, ३१ ऑगस्ट १९५२ला तो कायदा रद्द झाला. कादंबरीमुळं झाला असं कुणी म्हणू नये. पण ज्यांच्यावरून कायदा उठला त्यांच्यावरचा संशय अजून उठलेला नाही, हे एसटी स्टँडावर कुणाची पिशवी आधी तपासतात ते बघितलं तरी कळतं.

लेखिका त्या समाजातली नव्हती, मग तिनं लिहावं का, असा प्रश्न कट्ट्यावर दरवेळी निघतो. माझं मत सरळ आहे. लिहावं, पण आपण कुठून बघतोय ते लपवू नये. बाहेरून बघणारा लेखक आतला असल्याचं सोंग घेतो तेव्हा भाषेतच पकडला जातो. पात्रं शिव्या तेवढ्या अस्सल देतात आणि विचार मात्र पुण्यातल्या व्याख्यानमालेतले करतात.

बाबुराव बागुलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा कथासंग्रह १९६३चा. शीर्षककथेतला तरुण रेल्वेत कामाला लागतो, खोली मिळावी म्हणून जात सांगत नाही. लोक त्याला मान देतात, त्याच्या कवितेवर खूश होतात, आणि जात कळल्यावर तीच माणसं मारतात. ही कथा मी देवघेवीत असताना एका निवृत्त साहेबांना दिली होती. परत करताना म्हणाले, "फार भडक आहे हो." मी विचारलं, भडक कुठं वाटलं? म्हणाले, "मारायचा प्रसंग." मी म्हटलं, आणि त्याआधीचा कौतुकाचा? त्यावर ते काही बोलले नाहीत, पण पुढच्या खेपेला ‘मरण स्वस्त होत आहे’ मागून घेऊन गेले. बागुलांना भडक म्हणणारे बहुतेकजण मारहाणीजवळ अडतात. खरी धार आधीच्या पानांत आहे. ते कौतुक खोटं नव्हतं. ती माणसं त्याच्यावर मनापासून माया करत होती आणि एका माहितीनं ती माया संपली. आपलं कुणावरचं प्रेम अशा एका माहितीवर टांगलेलं आहे, हे ज्याचं त्यानं घरी बसून तपासावं.

इथं एक गोष्ट सांगायलाच हवी. वरचं सगळं मी पगारदार, वरच्या जातीचा वाचक समोर धरून लिहितेय असं वाटेल. कट्ट्यावर दलित वस्तीतून येणाऱ्या बायका आहेत. त्यांना बागुल वाचून आपण गाडीत बसलोय असं कशाला वाटेल? त्यांच्यातली एक म्हणाली, "आमच्या घरात हे कुणी बोलायचं नाही. पुस्तकात बघून वाटलं, म्हणजे हे फक्त आपल्यालाच नव्हतं." हे वाचन वेगळं आहे, आणि त्याला मी कुठली परीक्षा लावत नाही. ज्यांच्या वाट्याला अन्याय आला त्यांनी तो पुस्तकात भेटल्यावर कसं वागावं हे सांगणारी मी कोण? एवढं खरं, की उर्मिला पवारांची ‘कवच’ ही कथा आम्ही वाचली तेव्हा सगळ्याजणी सारख्याच गप्प झाल्या. आंबे विकणारी बाई, गिऱ्हाइकांची दुहेरी अर्थाची थट्टा, आणि ती ऐकून शरमेनं मेलेला तिचा शाळकरी मुलगा. त्या कथेत मारहाण नाही की खून नाही. नुसत्या बोलण्यात किती मावतं ते बघा. आणि तो मुलगा आईवरच चिडतो, गिऱ्हाइकांवर नाही, हे वाचून ज्या बायकांना मुलगे आहेत त्यांनी बराच वेळ मान वर केली नाही.

कोल्हापूरकरांना मी नेहमी सांगते, लांबचं आधी वाचू नका. अमेरिकेतल्या गुलामांची कादंबरी वाचून डोळे भरून येणं सोपं आहे. तिथल्या मळ्यावर आपली जमीन नसते. पन्नास-साठ किलोमीटरच्या टापूतलं वाचून बघा. आपल्या जिल्ह्याचं नशीब असं, की या टापूतच डोंगराएवढं लिहिलं गेलंय.

कागलच्या आनंद यादवांची ‘गोतावळा’, १९७१ची, माझ्या दृष्टीनं या सगळ्यांत वरची. सांगणारा नारबा, मळ्यावरचा सालगडी, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणारा गडी. त्याचा गोतावळा म्हणजे बैल, म्हशी, कुत्री, कोंबड्या. माणसाचं घर असं त्याला नाहीच. मग ट्रॅक्टर येतो आणि बैल विकले जातात. बस, एवढंच. मालक राक्षस नाही, चाबूक मारत नाही, नारबाला जेवायला घालतो. हिशोबी माणूस आहे, आणि त्याच्या जागी असतो तर आपणही ट्रॅक्टर घेतलाच असता. तिथंच तर ती कादंबरी आपल्याला धरते. ज्यांच्या घरी शेती आहे अशा वाचकांना मी ही मुद्दाम द्यायची. परत करताना ते ट्रॅक्टरची बाजू घेऊन माझ्याशी भांडायचे. "मग काय अजून बैलंच ठेवायची काय?" म्हणायचे. मी म्हणायची, ठेवू नका, पण तुमच्या सालगड्याला लग्न करायची मुभा होती का तेवढं आठवून सांगा. नाद खुळा पुस्तक आहे, एवढंच म्हणते.

तिची भाषा आपल्या मातीतली आहे, तरी शहरातल्या पोरांना अडते. उपाय एकच, मोठ्यानं वाचा. डोळ्यांना जी बोली अवघड वाटते ती कानाला लगेच ओळखीची होते. कट्ट्यावर आम्ही पहिली काही पानं नेहमी आवाज चढवून वाचतो. कागल-मुरगूडकडच्या बायका असल्या तर त्यांनाच वाचायला लावतो, आणि मग एरवी गप्प बसणारी बाई अचानक सगळ्यांची मास्तरीण होते.

राजन गवसांची ‘चौंडकं’ १९८५ची, ‘भंडारभोग’ १९८८ची. यल्लमा देवीला सोडलेल्या मुली आणि तिलाच वाहिलेले, जोगते झालेले पुरुष यांच्या या कादंबऱ्या. ओढ्यावरच्या यल्लमाला कोल्हापुरातल्या कुणाचं कोण जात नाही? आंबील, भाकरी, वरणं, वांग्याची भाजी, सगळा थाट आपल्या घरातला. मग कायद्याकडं बघा. कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९२० साली या प्रथेविरुद्ध कायदा केला. मुंबई इलाख्यात १९३४ला झाला. यल्लमाचं सौंदत्ती ज्या कर्नाटकात आहे तिथं १९८२ला झाला. आणि १९८५ साली एका लेखकाला यावर कादंबरी लिहावी लागते. कायद्यानं मुलगी सोडायला बंदी केली. पण पोरीच्या केसात जट, म्हणजे लोकांच्या लेखी देवीचं बोलावणं, दिसली की आईच्या पोटात जो गोळा उठतो त्याचं कायदा काय करणार? गवस ते दाखवतात. देवीचा कोप, शेजाऱ्यांचं बोलणं, घरातलं आजारपण, आणि मग ज्यांनी वाचवायचं तीच माणसं मुलीला देवळाकडं नेतात. जट कापून टाका म्हणणाऱ्या कार्यकर्त्यांना घराघरातून का हाकललं जायचं, ते ही कादंबरी वाचल्यावर कळतं. ही पुस्तकं तुम्ही एकट्या वाचू नका, कुणाबरोबर तरी वाचा. जड आहेत म्हणून नव्हे. वाचल्यावर आपल्या घरातल्या एखाद्या जुन्या आत्याची वगैरे गोष्ट हमखास आठवते आणि ती कुणाला तरी सांगावी लागते.

निपाणीचे महादेव मोरे यांनी तंबाखूच्या वखारीतल्या बायका, ड्रायव्हर, गॅरेजमधली पोरं यांच्यावर भरपूर लिहिलंय. मिळेल ते घ्या. पन्हाळ्याकडच्या कृष्णात खोतांच्या ‘रिंगाण’ला २०२३चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. धरणासाठी गाव उठलेली माणसं आणि मागं राहिलेली, जंगलात रानटी झालेली म्हैस यांची ती कादंबरी आहे. आम्हा शहरातल्यांना नळ सोडला की पाणी येतं. ते पाणी ज्या धरणांतून येतं त्यांच्या खाली कुणाचं तरी गावठाण आहे. ‘रिंगाण’ वाचल्यावर आंघोळीला थोडं कमी पाणी घ्यावं असं काही मी सांगणार नाही, त्यानं कुणाचं गाव वर येत नाही. पण राधानगरी, काळम्मावाडी ही धरणांची नावं सहलीच्या यादीतून जरा वेगळ्या यादीत जातात.

साखरेवरची, म्हणजे ऊसतोडीला येणाऱ्या टोळ्यांवरची, पण कारखान्याच्या सभासदाच्या ओसरीवर बसून लिहिलेली कादंबरी मला अजून हवी तशी मिळालेली नाही. तोडकऱ्यांच्या बाजूनं लिहिलेलं आहे. ज्याच्या रानात कोयता चालतो त्याच्या बाजूनं, प्रामाणिकपणे, कुणी लिहावं. आपल्या जिल्ह्यातलाच कुणीतरी लिहील.

वाचायच्या पद्धतीबद्दल दोन-तीन गोष्टी सांगते, त्यांना नियम मानू नका.

आत्मकथन आणि कादंबरी यांची गल्लत टाळा. ‘बलुतं’ १९७८चं, ‘उपरा’ १९८०चं, बेबीताई कांबळ्यांचं ‘जिणं आमुचं’ १९८६चं. ही मोठी पुस्तकं आहेत, पण ती साक्ष आहेत. तिथं "हे असंच घडलं का" असं विचारायचा आपल्याला फारसा हक्क नसतो, ऐकून घ्यायचं असतं. कादंबरी मात्र रचलेली असते, आणि रचलेल्या गोष्टीशी भांडायला हरकत नाही. लेखकानं मालकाला एकच बाजू का दिली? बाई नेहमी मरतेच का? शेवटी शिकलेला नायकच का येतो सोडवायला? ‘अन्यायाविरुद्ध लिहिलंय’ म्हणून वाईट कादंबरीला पास करू नका. पात्रांच्या तोंडी भाषणं घालणारी पुस्तकं मी खिडकीवर खूप बघितली. पहिलं प्रकरण चुरगळलेलं आणि बाकीची पानं कोरी करकरीत असायची. वाचकाला भाषण कळतं, त्याला फसवता येत नाही.

दुसरं, एकामागून एक वाचू नका. मन बधिर होतं. पाचव्या अत्याचाराला पहिल्याइतकं दुखत नाही, आणि ते न दुखणं ही सवय होऊन बसते. मध्ये विनोदी वाचा, रहस्यकथा वाचा, पाककृतींचं पुस्तक वाचा.

घरच्यांच्या ‘रडक्या पुस्तकां’बद्दल म्हणाल, तर त्यांना शंकर पाटलांच्या कथा वाचून दाखवा. पट्टणकोडोलीचा हा लेखक हसवता हसवता गावातल्या सत्तेची कळ दाबतो. मग त्यांचीच ‘टारफुला’ द्या, १९६४ची. पाटीलकी कशी येते, कशी टिकते, कशी जाते, ते वाचून राजकारणावर बोलणारे घरातले पुरुष रात्री दिवा मालवायला तयार होत नाहीत. गरिबाच्या, दलिताच्या जगण्यात हसू नसतं ही समजूत गाडीत बसणाऱ्यांची आहे.

आता, वाचून काही बदलतं का? मराठी कादंबरीचा आरंभच या प्रश्नापाशी झालाय. बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ १८५७ची, विधवांच्या हालांवरची. विधवाविवाहाचा कायदा १८५६ला होऊन गेला होता, म्हणजे कायदा आधी आणि कादंबरी नंतर. तेहतीस वर्षांनी, १८९०पासून, हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी ‘करमणूक’मध्ये क्रमशः येऊ लागली तेव्हाही बायकांची केशवपनं चालूच होती. कायदा कागदावर होता, कादंबरीतली यमू घरात होती. ती स्वतःच्या तोंडानं बोलते म्हणून तिचं बोलणं त्या काळी माजघरापर्यंत गेलं. पण हेही विसरू नका की १८८५ साली न्यायमूर्ती रानड्यांच्या ग्रंथकार सभेच्या निमंत्रणाला जोतीराव फुल्यांनी नकार दिला होता. जे लोक आम्हाला माणसाचे हक्क देत नाहीत त्यांच्या सभांशी आणि पुस्तकांशी आमचा मेळ बसणार नाही, असा त्या पत्राचा आशय. मी ते पत्र कट्ट्यावर वाचायला लावते, कारण साहित्य म्हणजे आपोआप चांगलं काम असा समज असलेल्यांना त्याची गरज असते. पुस्तक वाचणारा समाज न्यायी असतोच असं नाही. कोल्हापुरात १८५०पासून ग्रंथालय आहे, आजचं करवीर नगर वाचन मंदिर. पाण्याला शिवल्यावर मार खाल्ला तो त्याच गावात आणि त्याच्या पुष्कळ नंतर.

म्हणून वाचनानं समाज बदलतो असं वचन मी तुम्हाला देणार नाही. मला दिसलं ते एवढंच : ‘गोतावळा’वरून भांडलेल्या एका गृहस्थांनी पुढं मला येऊन सांगितलं, की त्यांच्या वडिलांच्या वेळच्या सालगड्याचं खरं नाव काय होतं ते त्यांनी घरात विचारलं आणि कुणालाच सांगता आलं नाही. त्यांना ते फार लागलं होतं. त्यानं काय बदललं? त्या सालगड्याचं काहीच नाही. पण हा प्रश्न त्या घरात पूर्वी कुणी विचारलाच नव्हता.

पुस्तकं मिळण्याची अडचण सांगाल, तर विकत घेऊ नका एवढ्यात. ग्रंथालयाचं सभासद व्हा. कोल्हापूर संस्थानानं १९४५ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला, देशातला असा पहिला, राज्याचा कायदा तर १९६७चा. त्या वारशाची अवस्था आज बरीच ग्रंथालयं बघून रडू यावं अशी आहे, पण जुन्या कपाटात ‘बळी’ असते. दर्शनी मांडणीत नसते, मागून काढून द्यायला सांगावं लागतं. नाव सांगून मागा. कुणी मागितलं नाही की अशी पुस्तकं बाद करण्याच्या यादीत जातात.

आणि तुमचा वर्ग. भास्कर चंदनशिवांची ‘लाल चिखल’ आपल्याकडं कित्येक पिढ्यांनी शाळेच्या पुस्तकात वाचलीय. भाव मिळत नाही म्हणून शेतकरी भर बाजारात आपलेच टोमॅटो तुडवतो. परीक्षेत प्रश्न येतो शेतकऱ्याच्या भावना स्पष्ट करा, आणि पोरं त्या पाच गुणांत स्पष्ट करून टाकतात. तुम्ही एकदा मुलांना सांगा, ती सगळी कथा बाजारात पिशवी घेऊन आलेल्या गिऱ्हाइकाच्या तोंडून लिहून आणा. गिऱ्हाइकाला वाईट माणूस करायचं नाही ही अट घाला. इचलकरंजीच्या वर्गात यंत्रमागावर जाणाऱ्यांची, दुकानदारांची, अडत्यांची, शेतकऱ्यांची पोरं एका बाकावर असतील. वह्या तपासायला घरी नेऊ नका, वर्गातच एकमेकांना वाचून दाखवायला सांगा आणि त्या दिवशी दोन तास जोडून घ्या, एकात भागणार नाही.